डोळे झाकायची खूण

भारताच्या, म्हणजे आपल्या मुलीला मॅच जिंकायला एकच पॉइंट हवा होता आणि समोरचीने मारलेलं शटल माझ्या रेषेजवळ आलं. आपल्या मुलीने त्यावर झेप घेतली, रॅकेट पोहोचली नाही आणि शटल तिच्या आड गेलं. आत पडलं की बाहेर, मला काहीच दिसलं नाही.

मी वाशीमला शाळेत पीटी शिकवतो. परीक्षा देऊन बॅडमिंटनचा लाइन जज झालो. रेषेच्या टोकाला खुर्चीत बसायचं आणि शटल आत की आऊट तेवढं सांगायचं, एवढंच काम. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला पहिल्यांदाच बोलावलं होतं. इथे चुकलो तर पुन्हा कोण विचारणार?

स्पर्धा जुनी. स्टेडियमच्या पॅसेजमध्ये तिचा इतिहास फोटोंतून मांडला होता. आधी लाकडी फ्लोअर, मग मॅट. पूर्वी सर्व्हिस करणाऱ्यालाच पॉइंट मिळायचा, आता प्रत्येक रॅलीला मिळतो. मोठ्या कोर्टवर तर रिव्ह्यूचे कॅमेरेही आलेत. एका काळ्या-पांढऱ्या फोटोत ब्लेझर घातलेला लाइन जज दोन्ही हातांनी डोळे झाकून बसला होता. 'मला दिसलं नाही' याची ती खूण. खाली खेळाडूंची नावं होती, त्याचं नव्हतं. सकाळी तो पाहून मला हसू आलं होतं.

आमच्या कोर्टवर कॅमेरा नव्हता. सगळी पब्लिक 'आऊट, आऊट' ओरडत होती. मी हात पसरले की आऊट. आपली मुलगी जिंकली असती आणि गावी रिसोडपर्यंत माझं नाव झालं असतं. खरं सांगतो, हात उचललेसुद्धा होते. ते डोळ्यांवर नेले.

अंपायरलाही दिसलं नव्हतं. त्यांनी लेट दिला, म्हणजे रॅली पुन्हा. ती रॅली गेली आणि पाठोपाठ मॅचही. मुलगी बॅग उचलून माझ्यासमोरून निघून गेली. मला फार वाईट वाटलं.

बाहेर येतो तर मोठ्या भावाचा फोन. रिसोडला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. सगळ्या गिऱ्हाइकांना त्याने मोबाइलवर मॅच दाखवली होती.

"डोये काहून झाकले बे? सारे इचारून राह्यले, रडून राह्यला होता काय म्हणून."

"मले दिसलंच नाही, दादा."

"मंग आऊट देऊन टाकाचं ना. पोरगी आपली होती. तुले तिथं बसवलं कायले?"

संध्याकाळी लाइन जजांच्या प्रमुखांनी बोलावलं. पुण्याचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. आता घरी पाठवतात, असं धरूनच गेलो.

"अंदाज बांधायला एवढी पब्लिक आहे," ते म्हणाले. "तुम्ही दिसलं तेवढंच सांगत जा. उद्या त्याच रेषेवर बसा."

जाता जाता त्या फोटोसमोर थांबलो. या वेळी हसू आलं नाही.

शाळेत परतल्यावर मोठ्या कौतुकाने पोरांना ती खूण शिकवली. परवा हॉलच्या खिडकीची काच फुटली. कुणी फोडली, म्हणून विचारलं, तर अख्ख्या सातवीने डोळ्यांवर हात ठेवले.

त्यांना सगळ्यांना दिसलं होतं, हे मात्र मला स्वच्छ दिसत होतं.