पिवळी कुठे गेली

धक्क्यावर तिला सगळे तोफ म्हणायचे, आणि उगीच म्हणत नव्हते. बोटवाल्याने आयत्या वेळी काम बदललं की तोफ. क्रेनवाल्याने तिच्या वाळत घातलेल्या रबरी सुटावर धूळ उडवली की तोफ. एकदा बंदराच्या साहेबालाच तिने भर धक्क्यावर असं फैलावर घेतलं, की तो बिचारा पुढचे काही दिवस स्वतःच्या ऑफिसात मागच्या दाराने जात होता. लोकांच्या नाकावर राग असतो. हिच्याकडे तो कायमचा मुक्कामाला आला होता.

नवरा अगदी उलट. त्याला मौनीबुवा म्हणत. विचारलं तर मान हलवायचा, फारच खोदून विचारलं तर ‘बघू’ म्हणायचा. लग्नाआधी ती बोटींना रंग द्यायची. एकदा ओल्या रंगाच्या बोटीला खालून धक्के बसायला लागले, तेव्हा तिने वाकून पाण्याकडे तोंड केलं आणि खाली जो कोण असेल त्याचा उद्धार सुरू केला. तो वर आला, तोंडातली नळी काढली आणि नुसता हसला. पुढे त्यानेच तिला पाण्याखालचं काम शिकवलं. बोटींच्या बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, पंख्यात गुंतलेले दोर कापायचे. पाठीवर हवेची टाकी, अंगात हवा भरता-सोडता येणारं जॅकेट, तोंडात श्वास घ्यायचा रेग्युलेटर. दोघं जोडीनेच उतरायची.

पाण्याखाली बोलता येत नाही. मौनीबुवांची तिथे चैन असायची, पण तोफेलाही तिथे गप्प बसावं लागे. म्हणून दोघांचं सगळं हातावर ठरलेलं होतं. त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे पिवळी. प्रत्येकाकडे एक जादाचा रेग्युलेटर असायचा, लांब पिवळ्या नळीचा, उजव्या बरगडीखाली लटकवलेला. एकाची हवा संपली तर विचारायचं नाही, खुणा करत बसायचं नाही. सरळ दुसऱ्याच्या उजव्या काखेखाली हात घालायचा, पिवळी ओढायची आणि तोंडात कोंबायची. इतक्या वर्षांत ती वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, पण तिचा हात झोपेतसुद्धा ती पिवळी शोधू शकला असता.

आणि एका सकाळी ती वेळ आली. काम एका रुंद, सपाट बुडाच्या बार्जखाली होतं. डोक्यावर नुसतं लोखंड, वर यायचं तर आधी आडवं कडेपर्यंत जायचं. मधोमध कुणीतरी सोडून दिलेल्या दोराचा गुंता अडकला होता. त्या दोराने तिचं डोकं फिरवलं. कापावा तर पुन्हा गाठ, गाठ कापावी तर आत तार. रागावलेलं माणूस हवा जास्त पितं, हे तिला ठाऊक होतं आणि तेवढ्यापुरतं ती ते विसरली. टाकीत किती हवा उरली ते दाखवणाऱ्या काट्याकडे तिने बघितलंच नाही. एक श्वास जड लागला, आणि त्याच्या पुढचा आलाच नाही.

ती घाबरली नाही. नवरा हाताच्या अंतरावर होता. तिने त्याच्या उजव्या काखेखाली हात घातला. तिथे काही नव्हतं. तिने जॅकेट चाचपलं, कंबर चाचपली, पुन्हा बरगडी चाचपली. पिवळी नव्हतीच.

मौनीबुवांनी तिचा हात धरला आणि स्वतःच्या डाव्या खांद्यावरून एक आखूड, जाड नळी पुढे केली. जॅकेटमध्ये हवा भरायची ती नळी, पण तिच्या टोकाला आता रेग्युलेटर होता. नळी इतकी आखूड, की ती तोंडात धरायला तिला नवऱ्याच्या छातीला घट्ट चिकटावं लागलं. तशीच दोघं खेकड्यासारखी तिरकी सरकत कडेला आली. कड सुटून वर चढताना पाण्याचा दाब कमी झाला, तसं त्याचं जॅकेट फुगायला लागलं. त्यातली हवा सोडायची तर तीच नळी वर उचलायला हवी, आणि ती नळी हिच्या दातांत. दोघं बुचासारखी उसळून वर आली. तिचा कान ठणकत होता, ओठ फुटला होता. पहिला मोकळा श्वास तिने घेतला आणि दुसऱ्या श्वासाला विचारलं, “पिवळी कुठे गेली?”

मौनीबुवांनी मान हलवली.

“अहो, मी तुम्हाला विचारतेय. पिवळी कुठे गेली?”

“काढली,” तो म्हणाला. “तुझ्या वन्संच्या दुकानात हे मिळालं. टू-इन-वन.”

वन्सं म्हणजे तिची नणंद, त्याची धाकटी बहीण. पाणबुड्यांच्या सामानाचं दुकान तिचं होतं, धक्क्याच्या मागच्या गल्लीत. तोफ ओल्या सुटातच तिकडे निघाली. रस्त्याने पाण्याची धार लागली होती, आणि मागून मौनीबुवा दोन्ही टाक्या उचलून येत होते. तळपायाची आग मस्तकात गेलेली असली की रस्ता लवकर संपतो.

नणंद टेबलावर एका रेग्युलेटरच्या रबरी चकतीला ग्रीस लावत होती. “वहिनी, आधी टॉवेल घ्या,” ती म्हणाली.

“टॉवेल गेला खड्ड्यात. वन्सं, माझा जीव आज तुमच्या या खेळण्याने गेला असता. एवढीशी नळी. मी काय तुमच्या दादाच्या गळ्यात बाळासारखी लटकून श्वास घ्यायचा?”

“तो रेग्युलेटर तुमच्यासाठी नाहीच,” नणंद म्हणाली. तिला वहिनीची सवय होती, तिचा आवाज चढला नाही. “ज्याच्या अंगावर आहे, त्याच्यासाठी आहे. नळी एक कमी होते, लोंबणारं काही राहत नाही, दोरांच्या कामाला बरं. पण समोरच्याची हवा संपली तर आपण आपल्या तोंडातला रेग्युलेटर काढून त्याला द्यायचा, आणि हा खांद्यावरचा स्वतः वापरायचा. दादाला मी हे सांगितलं होतं. तोंडातल्याला लांब नळी लावून घे म्हटलं, आणि वहिनीला घेऊन ये, दोघांचा पाण्यात सराव घेते. तो बघू म्हणाला.”

तोफ वळली. दारात मौनीबुवा टाक्या खाली ठेवत होते, आणि जरा जास्तच हळू ठेवत होते.

“सांगितलं होतं?”

त्याने मान हलवली.

“आणि तुम्ही मूग गिळून बसलात. घरात रोज माझ्यासमोर जेवता, रोज माझ्याबरोबर पाण्यात उतरता, आणि एवढं सांगायला तुमची जीभ झिजली. उभ्या जन्मात मी तुमच्या तोंडातला घास मागितला नाही. आज श्वास मागितला, तर जो तुम्हाला नको होता तो पुढे केलात.”

“सुचलं नाही,” तो म्हणाला. “जादाचा द्यायचा, तीच सवय.”

“वहिनी,” नणंद हळूच म्हणाली, “काटा बघितला होतात का?”

“नाही बघितला. माझं चुकलं. त्याचं मी बघेन. आधी पिवळीचं बघू दे.” तिने पाठीमागचं स्टूल ओढलं आणि ती दारासमोर बसली, म्हणजे कुणाला बाहेर जायची सोयच राहिली नाही. “पिवळी का काढलीत? खरं सांगा. बघू म्हणालात तर बघाच.”

दुकानात सामान धुवायच्या टबात नळ ठिबकत होता. मौनीबुवांनी जाऊन तो पिळून बंद केला. मग त्या माणसाने जन्मात बोलला नसेल इतकं बोलून टाकलं. मागे त्या मासेमारीच्या मोठ्या बोटीचं काम होतं ना, तेव्हा पिवळी दोरात अडकली. ओढली तर तिचं बटण दाबलं गेलं आणि हवा धो धो सुटली. बंद होईना. टाकी रिकामी झाली. तो तसाच कडेला गेला आणि वर निघून आला.

“तुम्ही तर म्हणाला होतात, टाकी बदलायला गेलो होतो.”

“बदलायलाच गेलो की. नंतर.”

“आणि मी कुठे होते?”

“खालीच. पंख्यापाशी.”

“किती लांब?”

त्याने सुटाची बाही पिळली. मग म्हणाला, “तुझ्या बॅटरीचा उजेड दिसत होता.”

नणंदेने हातातली चकती खाली ठेवली.

“म्हणजे मी जवळ होते,” तोफ सावकाश म्हणाली. “माझ्याकडे पिवळी होती. टाकी भरलेली होती. पाण्याबाहेर यायला जेवढं जावं लागलं, त्याच्या निम्मंसुद्धा माझ्यापर्यंत नव्हतं. मग माझ्याकडे का नाही आलात?”

“वाटलं, तू ओरडशील.”

“पाण्याखाली?”

“हो.”

नणंदेला हसू फुटलं आणि अर्ध्यातच विरलं, कारण वहिनी ओरडली नाही. तोफ तशीच बसून राहिली. तिला राग आला होता, याआधी कधी आला नव्हता इतका. पण तो कुणावर काढावा हे तिला कळेना, आणि हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं. छाती फुटायची वेळ आलेल्या माणसाला बायकोची बॅटरी दिसते, आणि तो दुसरीकडे वळतो. जीव गेला तरी चालेल, पण हिचं तोंड नको. हे कुणा परक्याने सांगितलं असतं तर तिने त्याचे दात घशात घातले असते. तिला फार लागलं ते.

नणंदेने मुकाट्याने टेबलावर दोन गोष्टी मांडल्या. एक लांब पिवळी, एक टू-इन-वन. “पिवळी हवी असेल तर दादाला आत्ता परत बसवून देते,” ती म्हणाली. “तुमची जुनी सवय मोडायला नको. फक्त नीट अडकवायची, लोंबू द्यायची नाही. दुसऱ्याचं मी मघाशी सांगितलं, पण त्याचीही दुखणी आहेत. त्यातून श्वास घेत असताना जॅकेटची हवा सोडणं अवघड जातं, त्यासाठी मागची दोरी ओढायची सवय लावावी लागते. आणि ती नुसती नळी नाही, रेग्युलेटर आहे. रेती जाते, मीठ चढतं. बाकीच्यांसारखा तोही खोलून साफ करून घ्यायचा. लोक विसरतात, मग नेमक्या वेळी तो पाणी पाजतो.”

तोफेने दोन्ही हातात घेऊन बघितल्या. पिवळी सोयीची होती. पिवळी देणाऱ्याला स्वतःचं काही सोडावं लागत नव्हतं, घेणाऱ्याला काही मागावं लागत नव्हतं. तिने ती परत ठेवली.

“मलाही टू-इन-वन लावा. दोघांनाही तोंडातल्याला लांब नळी. दोघांकडे एकच पद्धत.”

“वहिनी, नक्की ना? रागाच्या भरात—”

“रागाच्या भरातच. माझं कुठलं काम रागाशिवाय झालंय?”

सामान बसवून, भरलेल्या टाक्या लावून झाल्यावर नणंदेने दोघांना धक्क्याच्या पायऱ्यांपाशी नेलं. तिथे पाणी डोक्यावरून जेमतेम जाईल इतकंच. आधी तोफेने गळ्यावर आडवा हात फिरवला, हवा संपल्याची खूण. मौनीबुवांचा हात गेला तो खांद्याकडे. ती वर आली आणि तिने त्याची अशी बिनपाण्याने केली, की क्रेनवाल्याने क्रेन थांबवली. पुन्हा खाली. हात तोंडापर्यंत गेला आणि घुटमळला. पुन्हा वर, पुन्हा पट्टा सुरू. मग एकदाचा त्याने तोंडातला काढून तिला दिला, खांद्यावरचा स्वतः घेतला, आणि मागची दोरीसुद्धा ओढून दाखवली. नणंद पायरीवरून म्हणाली, “झालं की.”

“नाही झालं,” तोफ म्हणाली. नवऱ्याकडे वळून म्हणाली, “आता तुम्ही माझ्याकडे या. मी तिकडे जाऊन बसते. तोंडातला सोडायचा आणि माझ्याकडे यायचं.”

“मला जमेल ते.”

“मग या.”

ती थोडी पलीकडे पोहत गेली, तळाशी बसली आणि बॅटरी लावून वाट बघू लागली. गढूळ पाण्यात त्याची सावली दिसत होती. त्याने रेग्युलेटर सोडलेला दिसला. मग त्याचे पाय वर जाताना दिसले.

ती त्याच्यामागोमाग वर आली. तो पाण्यातल्या पायरीवर उभा होता, मिशीतून पाणी गळत होतं, आणि खांदे असे आवळलेले, की आता काय ऐकायला मिळणार हे त्याला तोंडपाठ असावं. तिच्याजवळ वाक्य तयार होतं. चांगलं लांबलचक होतं. तिने ते गिळलं, रेग्युलेटर तोंडात घातला, खाली गेली आणि बॅटरी पुन्हा लावली.

या वेळी तो आला. हळूहळू आला, मध्ये एकदा थांबला, पण आला. तिच्यासमोर गुडघे टेकून त्याने गळ्यावरून हात फिरवला. तिने तोंडातला काढला आणि त्याला दिला. मग खांद्यावरचा स्वतःच्या तोंडात घातला. रेग्युलेटर धरलेल्या तिच्या हातावर त्याने आपला हात ठेवला आणि तो हात काढून घ्यायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. तिचा राग अजून गेलेला नव्हता, ती भराभर हवा ओढत होती आणि हे तिला स्वतःलाच ऐकू येत होतं. तिने काटा उचलून बघितला. दोघांना पुरेल इतकी हवा होती. त्याला हवी तेवढी तिने घेऊ दिली.