अक्काची पाळी परत आली तेव्हा

मुदखेडहून पुतण्याचा फोन आला, तेव्हा मी लातूरच्या घरी मेथी निवडत बसले होते. “काकू, आई गेली,” म्हणाला. शेजारीण आली, तिनं कशानं गेली विचारलं, तर माझ्याच तोंडून निघालं, पोटाच्या दुखण्यानं. तिकडेही सगळे हेच सांगत होते. तीन आठवडे झाले, तरी तो शब्द टोचतोय. मुळात मी संशयी बाई. दूधवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत कुणाचं पहिलं बोलणं खरं मानत नाही. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या जावेला, पोटाचं दुखणं नव्हतं. गर्भाशयाचा कॅन्सर होता.

संशयात अक्का माझ्याही वरताण. सत्तेचाळिशी उलटली आणि तिची पाळी मागेपुढे व्हायला लागली. ऐन थंडीत घाम फुटायचा, झोप उडाली, सुनेवर, रेखावर, ती उगाच वसकन ओरडायची. एकदा मी मुदखेडला राहायला गेले असताना मला बाजूला घेऊन म्हणाली, “रेखा चहात कायतरी घालून राहिली बघ. प्याले की अंगातून वाफा निघतात.” खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर खरं वाटलं. दोन दिवस मी रेखाच्या हातावर नजर ठेवून होते. साखर जरा जास्त पडते, एवढंच हाती लागलं.

शेवटी तिला नांदेडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गल्लीतल्या तिघी-चौघींच्या पिशव्या चाळिशीच्या आत काढलेल्या, त्यामुळे अक्का खुर्चीच्या कडेवर, पळायच्या तयारीत. “पिशवी काढा म्हणली की मी उठले.” बाईंनी पिशवीचा विषयही काढला नाही. पाळी जायच्या आधी काही वर्षं शरीरात असे बदल होतात, गरम चहानंही वाफा येऊ शकतात, यावर उपाय आहेत, सोसत बसू नका, असं शांतपणे समजावलं. गोळ्या दिल्या. निघताना म्हणाल्या, पाळी वर्षभर पूर्ण थांबली आणि त्यानंतर साधा डाग दिसला, तरी लगेच या. बाहेर येताच अक्का म्हणाली, “लई गोड बोलती. कुठंतरी पाणी मुरतंय.” गोळ्या मात्र घेतल्या. झोप लागायला लागली, रेखाशी हसून बोलू लागली.

पुढे पाळी गेली, आणि महालक्ष्म्यांचा सोवळ्यातला स्वयंपाक कायमचा अक्काकडे आला. आता ऐन सणात बाजूला बसायची धास्ती नव्हती ना... दीड वर्षानं, सणाच्या आदल्या दिवशीच, ती मागच्या खोलीत जाऊन बसली. “पाळी आली गं परत.” चेहऱ्यावर लाज, आणि थोडा आनंदसुद्धा. दारातून ताट सरकवत मी म्हणाले, “काय अक्का, तरण्या झाल्या की तुम्ही!” घरातल्या बायका पोट धरून हसल्या. गोळ्यांचा गुण आला, असं अक्काच म्हणाली. डॉक्टरीणबाईंचे शब्द माझ्या कानांनी ऐकले होते मी. आठवले नाहीत. नंतर महिन्या-दोन महिन्यांनी ती शहाण्यासारखी बाजूला बसत राहिली, रेखा ताट देत राहिली, मी फोनवरून चेष्टा करत राहिले. त्यात वर्ष गेलं. रक्त थांबेना तेव्हा नांदेडला नेलं, तोवर कॅन्सर पसरला होता. आम्ही चहावर संशय घेतला, डॉक्टरांवर घेतला, रक्तावर तेवढा घेतला नाही. स्वतःचा फार राग येतो मला.

तेराव्याला मुदखेडला गेले. स्वयंपाकघरात रेखा घुटमळत होती. “काकू, एक इचारू? बिलोलीला माझ्या आईचीबी पाळी दोन वर्षांनी परत आली. चार म्हैने झाले. कुणाला सांगू नगं म्हणली...” पुढचं ऐकायला मी थांबलेच नाही. तिथूनच फोन लावायला लावला. विहीणबाई लाजल्या, पाहुण्यारावळ्यांचं निमित्त काढलं, जमणार न्हाई म्हणाल्या. मी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघी नांदेडला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुष्कळदा कारण साधं निघतं, पण बघितल्याशिवाय सोडायचं नाही. पिशवीच्या आतला बारीक तुकडा काढून तपासणीला पाठवलाय, रिपोर्ट अजून यायचाय. बाहेर बाकावर विहीणबाईंनी माझा हात घट्ट धरला.

“खरं सांगा. तुम्हाला कशाचा वहीम हाय का?”

“हाव,” मी म्हणाले. “म्हणूनच आणलं तुम्हाला.”