सापाचे पाय

लिन मॅडम माझ्या लिखाणातलं काही खोडत नसत. जे वाक्य नको असेल त्याच्याखाली निळ्या पेनानं दोन इवलेसे पाय काढत. पहिल्यांदा माझं पान परत आलं, तेव्हा एखादी कोंबडी शाईत पाय बुडवून त्यावरून फिरून गेल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं, चीनमध्ये असंच तपासत असतील. विचारायचा धीर झाला नाही.

मिशिगनमधल्या आमच्या कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजीसाठी मदत करणारी एक खोली होती, तिथे त्या बसत. सत्तरीच्या पुढच्या, बुटक्या, अंगात कायम हिरवा स्वेटर. चीनमध्ये त्यांनी शाळेत जुनं साहित्य शिकवलं होतं. त्यांचं इंग्रजीही माझ्यासारखंच अडखळायचं, पण त्यांना त्याची लाज नव्हती. "लंगडं वाक्यसुद्धा पोचतं," त्या म्हणत. "उशिरा पोचतं, एवढंच."

मी त्यांच्याकडे गेले ती तोंडी परीक्षेत नापास होऊन. पुलाच्या खांबाला तडा का गेला असेल, या प्रश्नाचं उत्तर मी बरोबर दिलं होतं. मग म्हणाले, माझं कदाचित चुकत असेल. मग दुसरं कारण जोडलं, तिसरं जोडलं, आणि शेवटी माझं बरोबर उत्तर मीच मोडीत काढलं. आता एकच संधी उरली होती. ती गेली की नागपूरला परत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि बाबांनी सगळ्या वस्तीत सांगून ठेवलं होतं. जवळच्या नोव्हाय गावात ज्या काकूंकडे मी राहत होते त्या म्हणायच्या, "अगं, टेन्शन काय घेतेस? कॉन्फिडंटली बोलायचं, बस." ते कसं बोलतात, हेच तर मला माहीत नव्हतं.

शेवटी एकदा मी पायांचा अर्थ विचारलाच. मॅडमनी चार चिनी अक्षरं काढली आणि एकेकावर बोट ठेवत वाचली. ह्वा, श, थ्येन, त्सू. साप काढून पाय जोडणे. मग त्यामागची गोष्ट सांगितली. पूजेनंतर सेवकांना दारूचा एकच पेला मिळाला. सगळ्यांना पुरणारा नव्हता, म्हणून पैज लागली की जमिनीवर जो आधी साप काढेल तो पिईल. एकाचा साप झाला. त्यानं डाव्या हातात पेला घेतला आणि वेळ आहे म्हणून उजव्या हातानं सापाला पाय काढू लागला. तेवढ्यात दुसऱ्याचा साप झाला. त्यानं पेला हिसकावला. म्हणाला, सापाला पाय नसतात, तेव्हा हा साप नव्हेच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात ही गोष्ट एक दूत सेनापतीला सांगतो. सेनापतीनं एक लढाई जिंकलेली असते आणि तो दुसरीवर निघालेला असतो. गोष्ट ऐकून तो सैन्य मागे घेतो. "म्हणजे ही गोष्ट मूर्खाची नाही," मॅडम म्हणाल्या. "जिंकलेल्याची आहे."

मी चाचरत म्हणाले, "आमच्याकडे म्हणतात, सापाचे पाय सापालाच ठाऊक."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या सापाला पाय असतात?"

"असतात. बाकीच्यांना दिसत नाहीत."

"मग तुझे सांग."

मी सांगितलं. शाळेत माझं उत्तर बरोबर आलं की एक सर आधी माझं आडनाव मोठ्यानं घेत आणि मग विचारत, कोणाचं पाहून लिहिलंस? तेव्हापासून उत्तराबरोबर साक्षीदार न्यायची सवय लागली.

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "हे पाय तर त्या सरांनी काढलेत. तू कशाला गिरवतेस?"

त्या दिवसापासून आमचा सराव बदलला. डाव्या हातात चहाचा कप धरायचा. त्या प्रश्न विचारणार, मी उत्तर देणार आणि लगेच घोट घ्यायचा. तोंडात चहा असला की पाय फुटत नाहीत. सुरुवातीला मला दोनदा ठसका लागला. "बघ," त्या म्हणाल्या, "पाय घशातून येतात."

परीक्षेत मी पाण्याचा ग्लास घेऊन बसले. प्रश्न पुन्हा खांबाचाच आला. उत्तर दिलं. तिन्ही प्राध्यापक माझ्याकडे बघत राहिले, आणि 'कदाचित' अगदी ओठावर आलं. मी पाणी प्यायले. मधल्या प्राध्यापकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

निकाल घेऊन मी त्या खोलीकडे धावले. आभाराचं मोठं भाषण तयार होतं. मॅडमनी फक्त विचारलं, "साप झाला?"

"झाला."

"मग पी," म्हणून त्यांनी स्वतःचा कप माझ्यापुढे सरकवला.

पुढे त्या मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेल्या, आणि या वर्षी तिथेच वारल्या. भाषण तसंच राहिलं. आज ते लिहावं म्हणून बसले. अजून पुष्कळ आठवतंय, पण निळं पेन हातात घेऊन त्या शेजारी बसल्यासारख्या वाटतात. डाव्या हाताशी चहा आहे. पिते.