कुंड ढवळू नका

देवाला तहान लागत नाही, पोरांना लागते, असं मी त्या दुष्काळात चुलीपुढे बसून म्हणत असे. मोठ्यानं नाही, पण आत्याबाईंना ऐकू जाईल इतपत. आत्याबाई म्हणजे माझी सासू. आम्ही उदगीरचे लिंगायत, किराणा दुकानवाले. आमच्यात लहानपणीच गळ्यात इष्टलिंग बांधतात, सुपारीहून थोडं मोठं, काळं, गुळगुळीत. रोज डाव्या तळहातावर घेऊन त्याला पाणी घालायचं, बेल वाहायचा, ते पाणी तीर्थ म्हणून प्यायचं आणि मगच पोटात दुसरं काही. लिंग हरवलं तर ते मिळेपर्यंत अन्नपाणी बंद. माझ्याही गळ्यात होतं, पण मी पूजा उरकत असे. आत्याबाईंचं तसं नव्हतं. आमच्याकडे टँकर कधी येईल याचा नेम नव्हता, आणि आला की त्यातला पहिला तांब्या त्या पूजेला काढून ठेवत. माझा जीव त्या तांब्यावर जळायचा.

लातूर जिल्हा नवा झाला होता. मुखेडच्या बाजूला डोंगराच्या पोटात एक जुना झरा आहे, खाली दगडी कुंड. जिल्हा झाल्यावर सरकारनं तिथं बाग केली. तारेचं कुंपण, दोन झोके, सिमेंटचा हत्ती आणि एक रखवालदार. हत्तीच्या सोंडेतून कारंजं उडणार होतं, ते कधी उडालं नाही. आमचे हे म्हणायचे, जिल्हा झाला, आता पाणी तेवढं व्हायचं राहिलं. पण त्या दुष्काळातही झरा आटला नव्हता. पोरांनी झोक्यासाठी घर डोक्यावर घेतलं, आणि आत्याबाईंच्या मनात वेगळंच होतं. टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास यायचा, ते देवाला घालताना त्यांना कसंतरी व्हायचं. एकदा तरी वाहत्या पाण्यानं पूजा करायची होती. म्हणून एका रविवारी दुकानाच्या टेम्पोत बसून आम्ही निघालो. पूजा तिथं होणार, म्हणून आत्याबाई निघताना तोंड धुऊन तशाच बसल्या. रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी घोटभर पाणी घेतलं असेल, तेवढंच.

बागेत आमच्यासारखे हौशी थोडे आणि घागरीवाल्या बायका जास्त. बऱ्याच जणी डोंगरापलीकडच्या, नांदेड जिल्ह्यातल्या गावाच्या. रखवालदार एका उंच, काटक बाईला म्हणत होता की आता हा झरा लातूरचा झाला, तुम्ही तुमच्या जिल्ह्यात पाणी बघा. ती वाकून घागर बुडवतच म्हणाली, "झऱ्यालाच इचारा की त्यो कुण्या जिल्ह्याचा हाय." बायका हसल्या. तिच्या शेजारीच कुंडाच्या काठावर आत्याबाई पूजेला बसल्या होत्या. लिंग तळहातावर, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मी पोरांना झोका देत होते. बाई घागर डोक्यावर घेऊन डोंगराकडे गेली. थोड्या वेळानं आत्याबाईंनी डोळे उघडले तर तळहात रिकामा. नुसती बेलाची दोन पानं चिकटलेली.

त्या ओरडल्या नाहीत. मला हाक मारून हात दाखवला. त्यांचा हात वर्षभर कापत होता, ते आम्हाला ठाऊक होतं.

आमचे हे धोतर खोचून कुंडात उतरले. कुंड गुडघाभर, पण तळाला पुष्कळ गाळ, आणि सगळे खडे काळेच. दोन वेळा हात घातला तसं सारं पाणी चहासारखं झालं. बायका घागरी मागे घेऊन उभ्या राहिल्या. देवाचा मामला म्हणून कुणी बोलली नाही, पण तोंडं दिसत होती. रखवालदार म्हणाला, सगळं पाणी उपसून टाकू, गाळ चाळू, लिंग कुठं जातंय. कुंड पुन्हा भरायला दुसरा दिवस उजाडला असता. तो बादली आणायला वळला तशा आत्याबाई बोलल्या.

"वर ये रे. कुंड ढवळू नका कुणी. देव माझ्या एकलीचा हाय, पाणी समद्यांचं हाय. त्याला यायचं आसंल तर यील."

हे म्हणाले, मठात जाऊ, स्वामींकडून नवं बांधून घेऊ. त्या म्हणाल्या, उद्या बघीन, आज इथंच बसते. मला राग आला. मी तोंडाची फटकळ, म्हटलं, "आणि उन्हानं मेलात म्हणजे?" आमच्यात माणूस पुरताना त्याचं लिंग त्याच्या हातात देतात. आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तवा हातात द्यायला एखादा दगुड बघून ठीव."

गाळ खाली बसला. बायकांनी पुन्हा घागरी भरल्या. ऊन वर आलं. आत्याबाई कुंडाकाठी लिंबाच्या सावलीत बसून होत्या, आणि हातभर अंतरावर पाणी ठिबकत होतं. मी त्यांच्या तोंडाला ओला पदर लावायला गेले तर त्यांनी मान फिरवली. ओठ पांढरे पडले, मग डोळे आत गेले. पोरं झोका सोडून आपोआप येऊन बसली. धपाटे बांधून आणले होते, ते कुणी सोडले नाहीत. इतकी वर्षं मी त्या बाईशी एका तांब्यासाठी मनातल्या मनात भांडत होते, आणि इथं ती पाण्याच्या काठाला बसून पाण्यावाचून चालली होती. मी हात जोडले नाहीत. मला तसं येत नाही. मनात एवढंच म्हटलं, माझं काही चालत नाही, आता तू बघ.

तेव्हा डोंगराच्या पायवाटेनं ती सकाळची उंच बाई येताना दिसली. डोक्यावर घागर नव्हती. हातात पितळी तांब्या, त्याच्या तोंडावर ओलं फडकं. सरळ आत्याबाईंपुढे येऊन तिनं तांब्या खाली ठेवला. तिचं नाव पंचफुला. घरी जाऊन ती घागर रांजणात गाळून ओतत होती, तर फडक्यावर हे राहिलं. खडा म्हणून फेकणार होती, पण ती लिंगायतांच्या शेतावर खुरपायला जायची, तिथल्या बायकांच्या गळ्यात तिनं पाहिलं होतं, त्यांचा नेमही ऐकला होता. म्हणून आल्या पावली परत निघाली.

"म्या हात लावला न्हाई," ती म्हणाली. "फडक्यातून तसंच तांब्यात सोडलंय. आन पाणी आमच्या घरचं हाय. आमी जयभीमवाले. आधीच सांगितलेलं बरं."

ती तांब्यातलं पाणी ओतून टाकायला वाकली. आत्याबाईंनी तिचं मनगट धरलं. दुसरा हात तांब्यात घालून लिंग काढलं, तळहातावर ठेवलं. आता हात कापत होता की नाही मी बघितलं नाही, मी माझा हात त्यांच्या हाताखाली धरला होता. त्याच तांब्यातलं पाणी त्यांनी लिंगावर घातलं, बेलाचं पान वाहिलं, आणि ते पाणी ओंजळीनं प्याल्या. मग तांब्या उचलून उरलेलंही प्याल्या, थेंबसुद्धा ठेवला नाही. हे काहीतरी बोलणार होते. त्यांच्याकडे न बघताच आत्याबाई म्हणाल्या, "सकाळपासनं देव हिच्या घागरीत हाय. मग तीर्थ मी दुसरीकडं कुठं शोधू?"

पंचफुला म्हणाली, "आमी देव मानत न्हाई आज्जी. पर तहान तर कळती का न्हाई मानसाला." आणि हसून, "आता तांब्या तरी द्या माझा. घरात येवढा एकच हाय."

मी धपाटे सोडले. ती आमच्याबरोबर जेवली, आणि चटणीत लसूण कमी पडलाय म्हणाली. खरंच कमी होता. निघताना आत्याबाईंनी दोन्ही हात जोडून तिला 'शरणार्थ' म्हटलं, हा आमचा आपसातला नमस्कार. तिनं 'जयभीम आज्जी' म्हणून हात जोडले. पुढल्या वर्षी आम्ही तिला भेटायला गेलो, तर ती कामासाठी निजामाबादकडे गेल्याचं कळलं. पुन्हा भेट झाली नाही. भावकीत पाण्यावरून कुजबूज झाली, आत्याबाईंनी ती कानाआड केली.

हा चमत्कार होता का, ते मी सांगत नाही. घागर बुडते तेव्हा पाणी ओढते, त्यात बारकी वस्तू जायचीच. पण कुंड उपसलं असतं तर बायका दिवसभर पाण्यावाचून राहिल्या असत्या आणि हाती गाळ आला असता, एवढं मी पाहिलं आहे. देव घट्ट धरून ठेवायचा असतो अशी माझी समजूत होती. आत्याबाईंचा हात सुटला, आणि मग त्यांनी शोधणंही सोडलं, तेव्हा तो दुसऱ्याच्या घरून चालत आला. त्या बाईचे पाय मला आजही आठवतात, धुळीनं भरलेले. पूजेला बसले की आधी तेच डोळ्यांपुढे येतात, आणि मी ते हलवत नाही.

आत्याबाई गेल्या तेव्हा तेच लिंग त्यांच्या हातात दिलं. आता हात माझाही कापतो. सून म्हणते, आत्याबाई, खाली ताट ठेवा, पडलं म्हणजे? तिच्या समाधानासाठी ठेवते.

पण पडण्याची भीती मला राहिलेली नाही.