काळी कॉन्टेसा अन् अंगनातलं ऊन

रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं आमचं घर समोरून पाह्यलं तं दुकान आहे, मागून पाह्यलं तं अंगन आहे, अन् मधातल्या बोळात आम्ही राहतो. दुकानात मी गाड्यायचे सीट कव्हर शिवतो. शाळेत असताना गुरुजीनं एकदा मले त्यायच्या खुर्चीपाशी ओणवं उभं केलं, तं मी शिक्षा भोगायची सोडून खुर्चीची गादी कुठून उसवली ते पाहून राह्यलो होतो. तिथंच माहं शिक्षन संपलं अन् धंदा सुरू झाला.

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तसं गावाचं रूप बदललं. रस्ते रुंद झाले, लाल दिव्याच्या गाड्या फिराले लागल्या, अन् ज्यायच्याजवळ नव्या गाड्या होत्या त्यायले जुन्या गाड्यायचा शौक लागला. मोठ्या मैदानावर जुन्या गाड्यायचे शो व्हाले लागले. माह्याजवळ नवी गाडी कधीच नोती, तरी मले थेट जुन्या गाडीचा शौक लागला. मधली पायरी मी गाळली.

गाडी भेटली अभनपूरले. तिथल्या एका राईस मिलवाल्या शेठच्या मंगल कार्यालयाच्या खुर्च्यायले मी कव्हर शिवून दिले. शेठ म्हने, "उधर इमली के नीचे एक कॉन्टेसा खड़ी है. ले जाओ, जगह तो खाली होगी." जाऊन पाह्यलं तं गाडीत कोंबड्या राहत होत्या. मागच्या सीटवर एक अंड्यावर बसली होती, तिनं माह्याकडे असं पाह्यलं का जसा मी घर खाली कराची नोटीस घेऊन आलो. पन गाडीचं नाक लांब, छाती रुंद, अन् हवा गेलेल्या टायरावरही पैलवान बसल्यावानी बसली होती. माही पोरगी तेव्हा कॉलेजात होती. तिनं मोबाईलवर फोटो पाहून सांगतलं, "पापा, बाहर के देश में ऐसी गाड़ी को मसल कार बोलते हैं." एवढं ऐकलं, अन् मी गाडी ट्रॅक्टरले बांधून मागच्या गल्लीतून घरी आनली.

बायको दारातच उभी होती.

"अजी, हे काय आनलं?"

"गाडी आहे."

"चालते?"

"चालन."

"मंग चालन तेव्हा आनाची होती."

आता तिचं काय चुकलं ते मीही सांगू शकत नाही. आमच्या पाऱ्यात, म्हनजे मोहल्ल्यात, घरं एकमेकायच्या खांद्यावर बसले आहेत. ऊन म्हनून जे काय येते ते आमच्या मागच्या अंगनात येते, तेही उशिरा येते अन् लवकर जाते. त्या उन्हावर बायकोचा धंदा. उन्हाळ्यात ती पापड, शेवया, कुरोड्या करून देते. विदर्भातले आपले लोक इथं लय आहेत, कोनी रेल्वेत, कोनी दफ्तरात. त्यायच्या घरी गव्हाचा चीक शिजवून सोऱ्यातून कुरोड्या पाडत बसाले कोनाले टाईम नाही, पन सनावाराले ताटात कुरोडी पाह्यजे. अन् माही गाडी नेमकी त्या उन्हाच्या मधात उभी. दुसरीकडे कुठं ठेवाले जागा नोती. गल्लीत ठेवली असती तं गल्लीच बंद झाली असती.

बीरगावात माहा एक दोस्त आहे, डेंटर-पेंटर. कारखान्यायचे ट्रक ठोकून-ठोकून त्याचा हात असा झाला का लहान गाडीलेही तो ट्रकच समजते. दोघायनं मिळून गाडीले नवा जन्म दिला. रुंद टायर टाकले, सायलेन्सर असा केला का चालू झाली का शेजारचं लेकरू उठन. बोनटवर हवा घ्यायचं जे फुगीर नाक असते, ते आम्ही जुन्या कूलरच्या पत्र्याचं बनवलं. वाकून पाह्यलं तं आतमधी कूलरच्या जाळीचे भोकं आजही दिसतात. सीट मी शिवल्या. लाल रेक्झिन, पांढरी पायपिंग. माह्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर काम.

पह्यल्या शोले मी सीटा चमकाव्या म्हनून लाल पॉलिश घासलं. जज साहेब पांढरा पँट घालून आले होते. "बैठ के देखता हूँ" म्हनून बसले, अन् उठले तं पँटही माह्या सीटच्या सेटमधला वाटून राह्यला होता. पाठमोरे जिकडे गेले तिकडे लोक हसले. त्यायले वाटलं लोक ओळखतात.

दुसऱ्या शोले गाड्या एक-एक करून स्टेजसमोरून न्यायच्या होत्या. माही नेमकी स्टेजसमोर बंद पडली. शेवटी बँडवाल्यायनं बाजे खाली ठेवले अन् धक्का मारला. पोरगी ओळख दाखवत नोती, दुसऱ्याच लोकायच्या घोळक्यात जाऊन उभी राह्यली होती.

तिसऱ्या शोच्या आधी बायकोनं जेवताना विषय काढला.

"यंदाचं शेवटचं. तुम्ही कप घेऊन आले तं गाडी अंगनात राहीन. नाही आले तं गाडी जाईन अन् अंगन माहं."

"जाईन कुठं?"

"भंगारवाला गल्लीतून रोजच जाते."

मी हव म्हनलं. मले वाटलं, यंदा काळा रंग दिला का कप पायानं चालत घरी येईन. गाडी बीरगावले नेली. दोस्तानं असा काळा चमकदार रंग मारला का मले बोनटमधी माहा चेहरा दिसला, अन् तोही जरा बरा दिसला. तो म्हने, "भैया, एक-दो दिन धूप में खड़ी रखना. हाथ कोई मत लगाए." शो दुसऱ्याच दिवशी होता. मी गाडी घरी आनली, अंगनात बराबर उन्हाच्या मधात उभी केली, बायकोले म्हनलं, "गाडी उन्हात राहू दे," अन् दुकानात गेलो. निम्मा निरोप दिला. हात लावू नको, हे सांगाचंच राह्यलं.

दुपारी जेवाले आलो तं गाडी पांढरी झाली होती. बोनटवर, छतावर, डिक्कीवर, जिथं जागा भेटली तिथं गोल-गोल कुरोड्या. कूलरच्या नाकाच्या दोन्ही अंगानं तं अशा ओळीत घातल्या होत्या का जसं कोनी मोजून मांडल्या.

"अवं, हे काय केलं?"

"तुम्हीच म्हनले ना, गाडी उन्हात राहू दे. राहू दिली."

"रंग ओला आहे."

"सुकला होता. मी बोट लावून पाह्यलं, मंगच तेलाचा हात फिरवला."

"अंगनात काहून नाही घातल्या?"

"अंगनात ऊन कुठं आहे? ऊन सगळं तुमच्या गाडीवर आहे. गहू तीन दिवसापासून भिजले, चीक शिजला, आता तो काय तुमच्या शोसाठी थांबते? अन् पत्रा असा तापला आहे, अर्ध्या वेळात वाळतीन."

मी एक कुरोडी उचलाले गेलो तं तिनं माहा हात धरला. "ओल्या उचलल्या तं तुटतीन. ऑर्डरच्या आहेत. संध्याकाळी काढू."

म्हनजे माही गाडी खराब होऊन राह्यली होती अन् मी तिच्या बाजूले ताट घेऊन बसून वरन-भात खात होतो, कारन कुरोड्या तुटाले नाही पाह्यजे. दुसरा कोनी असता तं भांडला असता. मी मीठ मांगतलं.

संध्याकाळी कुरोड्या टकाटक निघाल्या, एकही तुटली नाही. पन खाली काळ्या रंगात प्रत्येक कुरोडीचा ठसा राह्यला. बारीक-बारीक वेटोळे, सोऱ्याचा एक-एक तार दिसन असे. दोस्ताले बोलावलं. त्यानं एका कोपऱ्यात घासून पाह्यलं तं तिथला ठसा अजूनच उठून दिसाले लागला.

"नहीं जाएगा भैया. नमक अंदर बैठ गया है. पूरा घिस के दुबारा मारना पड़ेगा. चार दिन तो लगेंगे."

"शो सकाळी आहे."

तो बोनटवर वाकला, मंग हळूच म्हनला, "भाभी ने लाइन लेकिन सीधी डाली है."

सकाळी आम्ही तिघं शोले गेलो. बायको पह्यल्यांदाच आली होती. म्हने, अंगन कोनत्या दिवसापासून माहं होते ते मले डोळ्यानं पाहू द्या. पोरगीनं रस्त्यात मले समजावलं, "पापा, वहाँ आप कुछ मत बोलना. कोई पूछे तो मैं बोलूँगी." मैदानावर मी बोनटवर चादर टाकली. तिथला एक मानूस आला, म्हने चादर काढा. मंग मी स्वतःच बोनटवर आडवा टेकलो, जसं हिरो लोक टेकतात. तो परत आला, म्हने तुम्ही पन निघा.

मी बाजूले झालो अन् लोक जमाले लागले. मले वाटलं हसाले जमले. पन कोनी हसत नोतं. पोट्टे वाकून-वाकून फोटो काढत होते. एक जन दुसऱ्याले म्हनला, "देख, पूरा हाथ का काम है. स्टिकर नहीं है." त्या बाजूले एक बिल्डर होता, त्याची लाल विदेशी गाडी आरशावानी चमकून राह्यली होती, पन तोही तिले सोडून माह्या बोनटपाशी आला अन् बोट फिरवून गेला. माही छाती फुगाले लागली. मी पोट आत घेतलं अन् उभं राहाची पोझ बदलली.

मंग जज साहेब आले. तेच ते. यंदा काळा पँट घालून आले होते. मले ओळखलं, सीटकडे एकदा पाह्यलं अन् दोन पाऊल दूर उभे राह्यले. मंग बोनट दिसलं तसे जवळ आले. चष्मा वर केला, खाली केला, वाकले, बाजूनं पाह्यलं, उजेडाच्या अंगानं पाह्यलं.

"ये पैटर्न किसने किया है?"

पोरगी काही बोलन त्याच्या आधी मी कॉलर सरळ केली. थाप माराले एक मोठं शहर डोक्यात आलं होतं, तिथला एक कारागीरही जन्माले येऊन राह्यला होता. तेवढ्यात मागून बायको म्हनली, "कुरोड्या होत्या भाऊ. वाळत घातल्या होत्या."

पोरगीनं डोळे मिटले.

जज साहेबानं चष्मा काढला. बायकोकडे वळले अन् आपल्या मराठीत म्हनले, "गव्हाच्या?"

"नाही तं कशाच्या?"

"आमची माय अमरावतीले टिनावर घाले."

"टिनावर चांगल्या वाळतात. पन तेलाचा हात लागते, नाही तं चिटकतात."

"ती जिरं टाके थोडं."

"जिऱ्यानं सोऱ्या अडकते. मी ओवाही नाही टाकत."

दोघं माह्या गाडीवर वाकून कुरोड्यायचं बोलून राह्यले होते. मी बोनट उघडाले तयार उभा होतो, इंजिन सकाळपासून पुसून ठेवलं होतं. कोनी उघड म्हनलंच नाही. मंग मी दार उघडलं. "साहेब, सीट तं पाहा. बसा ना."

"नाही, मी उभाच बरा आहो," ते म्हनले, अन् कागदावर काही तरी लिहून पुढं गेले.

बक्षीस वाटप सुरू झालं. इंजिनचा कप दुसऱ्याले गेला. सगळ्यात चांगल्या गाडीचा कप त्या लाल गाडीले गेला. मी हिशोब लावला का भंगारवाला उद्या सकाळीच येईन. तेवढ्यात माईकवर आलं, रंगकामाचा कप काळ्या कॉन्टेसाले. मी धावत स्टेजच्या पायऱ्यायपर्यंत पोहोचलो. मागून पोरगीनं शर्ट ओढला.

"पापा, मम्मी को बुलाया है. पेंट जिसने किया, उसको."

एक पाय पायरीवर होता. तो तसाच ठेवून मी चपलेचा पट्टा सरळ कराले वाकलो, अन् तिथंच वाकून राह्यलो. बायको माह्या बाजूनं पदर सावरत वर गेली. जज साहेबानं कप दिला, फोटोवाला म्हने हसा, तं ती म्हने पह्यले तुमचं फोटो काढनं होऊ द्या, हसाचं मंग पाहू.

परत येताना गाडी चालू झाली नाही. दोघी आतमधी बसल्या, कप दोघींच्या मधात, अन् मी फाटकापर्यंत धक्का मारला. तिथं उतार होता म्हनून बरं. चालू झाल्यावर मी विषय काढला.

"कप तं आला. गाडी अंगनात राह्यली."

"कप कोनाले भेटला?" बायको म्हनली.

"गाडीले."

"गाडी वर चढली होती का घ्याले?"

मी आरशातून पोरगीकडे पाह्यलं. "तूच सांग आता."

ती म्हनली, "पापा, शर्त थी कि आप कप लेकर आएँगे. आप तो चप्पल लेकर आए."

बायको हसाले लागली, पोरगीही हसली, अन् मीही हसलो, कारन स्टेअरिंग हातात असलं का दुसरं काही करता येत नाही. पन घर जवळ येऊ लागलं तशी मी गाडी हळू केली. मी गाडी अंगनात लावली, चाबी काढली, अन् उतरलोच नाही. लाल सीटवर हात फिरवत बसलो. बायको आतमधी गेली, कप कुठं तरी ठेवला, मंग फोनवर कोनाशी तरी बोलली. बाहेर आली अन् खिडकीत वाकली.

"उद्या गाडी बीरगावले नेऊन द्या. तुमच्या दोस्ताच्या घरवालीसंगं बोलली मी. शेडच्या मागं जागा आहे त्यायची."

"भंगारवाला?"

"कप दिला आहे गाडीले, भंगारात काय देता? जागेच्या बदल्यात त्यायले कुरोड्या, पापड पोहोचवाचे म्हनलं वर्षभर. जा, हात-पाय धुवा."

मी उतरलो अन् हात-पाय धुवाले गेलो.

आता गाडी बीरगावात शेडखाली राहते. रविवारी मी जातो, टायर पाहतो, इंजिन थोडा वेळ चालू ठेवतो, दोस्त चहा आनते अन् आम्ही दोघं त्या लाल सीटवर बसून पितो. जुने पँट घालून जातो, एवढंच.

बाकीचे दिवस दुपारी दुकान बंद करून अंगनात खुर्ची टाकतो. पूर्ण अंगन आता पांढरं असते, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अन् माह्या हातात काडी असते, कावळे हाकलाची. काम बरं आहे, बसून आहे, वरून ऊनही भेटते. मधातच डोळा लागते.

"अजी, झोपले का?" आतून आवाज येते.

"नाही."

"मंग कावळा काहून बोलून राह्यला?"

"इचारतो त्याले," मी म्हनतो, अन् काडी घेऊन उठतो.