आखणी झालेली मूर्ती

गणपती जवळ आले की ती केस अजून डोक्यात फिरते. तेव्हा मी पेणच्या ठाण्यात हवालदार होते. मूर्तीच्या कारखान्यात आखणी करणारा, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणारा एक कारागीर मोबाईल चोरीची तक्रार घेऊन आला. वय तिशीचं. चोराचं नावही त्यानेच दिलं. कारखान्यात मूर्ती उचलायला येणारा वाडीवरचा मजूर.

मजूर रोह्याला सासुरवाडीला गेला होता. तिथून त्याला उचलून आणला. साहेबांना गुन्हा दाखल करायची घाई. मजूर एकच बोलत होता, "मी नाय घेतला, बाय." हातावर पोट असलेल्या अशा माणसावर चोरीचा शिक्का बसला की पुन्हा कोणी कामावर उभा करत नाही.

तेवढ्यात कारागिराची बायको नवऱ्याचा डबा घेऊन ठाण्यात आली. मला बाजूला घेऊन सांगितलं की तो मोबाईल शोधतच नाय, एकाच मूर्तीपुढं बसून राहतो.

मी त्याला समोर बसवलं. पाय हलत होते. उजवा अंगठा मांडीवर सारखा घासत होता, मोबाईलवर फिरवावा तसा.

"त्या मूर्तीत काय हाय?"

शेवटी सगळं ओकला. दिवसभर गेम खेळायचा. जागरणाने हात थरथरू लागला, मूर्तीचे डोळे तिरके गेले, मालकाने काढून टाकायची तंबी दिली. म्हणून त्यानेच मोबाईल पोकळ मूर्तीत टाकला, बूड प्लास्टरने बंद केलं आणि वर लगेच डोळे आखले. त्यांच्याकडे डोळे झालेली मूर्ती कोणी फोडत नाही. पण थोड्याच दिवसांत मोबाईलवाचून जीव कासावीस झाला, म्हणून चोरीची खोटी तक्रार दिली. कारखान्याच्या झडतीत पोलिसांनी मूर्ती फोडली तर मोबाईल त्याला आणि पाप आमच्या माथी, असा त्याचा हिशोब. मजुराचं नाव का घेतलंस, तर म्हणे तोच तेवढा गावात नव्हता, पळाला असं वाटलं असतं.

"बाई, तुम्ही काढा. मी पाठ करून उभा राहतो."

"डोळे तू आखलेस. फोडायची तर तूच फोड."

मजुराला सोडून दिलं आणि कारागिराला त्याची माफी मागायला लावली. मागतानाही अंगठा चालूच होता. मी विचारल्यावर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की डावामागून डाव खेळून मेंदूला त्याची चटक लागते, आणि 'आता पुरे' म्हणणारी ताकद कमी होत जाते. दारूसारखंच.

मूर्ती त्याने फोडली नाही, ती मोबाईलसकट गिऱ्हाइकाकडे गेली. तो टेम्पोमागे कोपऱ्यापर्यंत चालत गेला आणि परत आला. पुढं काही महिन्यांनी एसटी स्टँडवर दिसला. हातात नवा मोबाईल, मान खाली. गाडी लागून सुटली तरी त्याला कळलं नाही.

कुलूप घालणारा आणि तोडायला माणसं पाठवणारा एकच असू शकतो, हे त्या केसने शिकवलं. पुढं तक्रारदार आला की मी आधी त्याचे हात बघायचे. मजूर मात्र त्या कारखान्यात पुन्हा गेला नाही.