आबांची पोटरी

माणसाच्या पायाचा मागचा भाग मी आजवर किती वेळा काढलाय, याची गणती नाही. फिजिओथेरपीच्या मुलांसाठी नोट्स छापणाऱ्या एकांना मी आकृत्या काढून देते. खारघरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात बसून, स्क्रीनवर. पोटरीचा वरचा स्नायू दोन भागांचा, त्यातला आतल्या बाजूचा भाग जरा जास्त खाली उतरलेला. त्याच्याखाली दुसरा, चपटा. गुडघ्याच्या मागे शंकरपाळ्याच्या आकाराचा खळगा, आणि त्यात कातडीपासून आत जाताना आधी पिवळा मज्जातंतू, मग निळी शीर, सगळ्यात आत लाल धमनी. हा क्रम मी एकदा चुकवला होता, तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी आकृती परत पाठवली आणि वर चार शब्द सुनावले. पुन्हा चुकले नाही. माझ्या आकृतीतला पाय देखणा असतो. त्याला केस नसतात, वास नसतो, आणि तो कुणाचाच नसतो.

आबांचा पाय आबांचा होता, हीच पंचाईत होती. आबा म्हणजे माझे वडील. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात ते मापाडी होते, काट्यापाशी उभं राहून पोती तोलायचं काम. सगळी नोकरी उभ्यानं झाली. त्यामुळे दोन्ही पोटऱ्यांवर हिरव्या-निळ्या शिरा गाठी मारून वर आलेल्या. लहानपणी मला वाटायचं, यांच्या कातडीखाली गांडुळं शिरलीत. घोट्याभोवतीची कातडी काळपट, कोरडी, कोंडा सुटणारी. ते सोफ्यावर पाय घेऊन बसायचे आणि उठले की कव्हरवर पांढरा भुगा राहायचा. तो झटकताना मी श्वास रोखून धरायची. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बापाच्या पायाची किळस येते, हे सांगणार तरी कुणाला आणि कोणत्या तोंडानं?

मागच्या वर्षी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की हिंडतं-फिरतं ठेवा. आईनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. टाके तुटतील म्हणून तिनं त्यांना पलंगावरून हलूच दिलं नाही. संडासला जायचं तरी एका बाजूनं ती, दुसऱ्या बाजूनं मी, अशी वरात निघायची. आठवडा झाला आणि आबांची डावी पोटरी दुखायला लागली.

आईचं निदान तयारच होतं. "पडून पडून वात धरलाय. गरम तेलानं चोळलं की होईल मोकळी."

आईचे स्वतःचे गुडघे गेलेले. तिला खाली बसता येत नाही, वाकून जोर लावता येत नाही. म्हणजे कोण चोळणार, ते मी काही विचारलं नाही.

तिनं तेलात लसूण आणि ओवा काळा होईपर्यंत कडवला. घरभर तो वास. आबा भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपले, पायजमा मांडीपर्यंत वर केला, आणि मी पलंगावर जुना पेपर अंथरून बसले. तेलाचा हात पोटरीवर ठेवला मात्र, अंगावर काटा आला. ओले केस कातडीला चिकटून काळे दिसायला लागले. कोंडा तेलात भिजून माझ्या बोटांना लागला, कणकेसारखा. गुडघ्यामागच्या खळग्यात घाम साचला होता आणि घडीत मळाची रेघ होती. तिथं बोट गेलं तर आत काहीतरी कोमट, सैल हललं. मी उठले, बाथरूममध्ये जाऊन भांड्याच्या साबणानं दोनदा हात धुतले, तरी लसणाचा वास जाईना.

दुसऱ्या दिवसापासून मी शहाणी झाले. दार लोटून घ्यायचं. कापसाच्या बोळ्यानं पोटरीला नावापुरतं तेल पुसायचं. मग बाकीचं तेल स्वतःच्या तळहातांवर घेऊन एकमेकांवर चोळायचं, चपचप आवाज येईल असं. स्वयंपाकघरातून आई ओरडायची, "जोर लाव गं जरा!" की मी आणखी जोरात हात वाजवायची. आबांची पाठ माझ्याकडे. मला वाटायचं, डोळा लागला असेल. वीस-पंचवीस मिनिटं हे नाटक करून मी स्क्रीनवर परत यायची. तिथला स्वच्छ पाय बघून बरं वाटायचं, अगदी खरं सांगते.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी पायजमा वर केला तर डावी पोटरी उजवीपेक्षा सरळसरळ जाड. स्नायूचे दोन भाग कुठे दिसतच नव्हते. सगळं एकसंध, तुकतुकीत. मी आईला सांगितलं, "सुजलंय खूप."

"तुझा हातच हलका पडतो," आई म्हणाली. "मालिशवाल्यालाच बोलावते आता."

खरं म्हणजे तेव्हाच मी दवाखान्याचं नाव काढायला हवं होतं. मी गप्प बसले, कारण माझी सुटका होत होती.

मालिशवाले काका बेलापूरकडच्या कोळीवाड्यातून आले. पिकलेले केस, मनगटं माझ्या दंडाएवढी. त्यांनी तेलाची वाटी बाजूला सारली. आधी उजव्या पोटरीला पालथा हात लावला, मग डाव्या. नडगीवर अंगठा हलकेच दाबला, उचलला, तर खड्डा तसाच राहिला.

"ह्याला मी हात नाय लावनार," ते आईला म्हणाले. "ही पोटरी गरम हाय. दाक्तरला दाखवा, आजच्या आज."

"अहो, एवढ्या लांबून आलात, थोडं तरी..."

"नाय बाय." चहासुद्धा न घेता ते गेले.

संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलात सोनोग्राफी झाली. गुडघ्याच्या मागे, त्या खळग्यातल्या शिरेत, रक्ताची गुठळी होती. मी जिला निळा रंग भरते तीच शीर. डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान होते. भराभर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "हा पाय कोणी चोळला नाही ना? मालिश वगैरे?"

"चोळला की," आई लगेच म्हणाली. "मुलगीच चोळते रोज. अर्धा-अर्धा तास."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "काय सांगताय? अहो, गुठळी सुटून वर फुफ्फुसात गेली असती तर? माणूस जागच्या जागी जातो."

आईचा चेहरा उतरला. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. एका वाक्यात मी तिची भीती घालवू शकत होते. पण ते वाक्य आबांसमोर बोलायचं होतं.

स्ट्रेचरवरून आबाच बोलले. "तिनं चोळलंच न्हाई."

"म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"तिला किळस येती माज्या पायाची. पहिल्या दिवसापास्नं. मला कळत हुतं." आवाजात ना राग, ना गाऱ्हाणं. पोत्याचं वजन सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"अरे, मग तर बेस्टच झालं!" डॉक्टर म्हणाले आणि पुढे लिहायला लागले. त्यांना खरोखर आनंद झाला होता.

पुढे सोसायटीत आईनं मला डोक्यावर घेतलं. "हिला आधीच समजलं होतं, म्हणून चोळलंच नाही. आकृत्या काढते ना, शिक्षण कामाला आलं," असं ती लिफ्टपाशी बायकांना सांगायची आणि बायका माझं कौतुक करायच्या. मी हसून मान हलवायची. त्या हसण्याची मला जेवढी शिसारी आली, तेवढी पोटरीचीही कधी आली नव्हती.

एकदा आई खाली गेलेली बघून मी आबांना विचारलं, "पाच दिवस कळत होतं, तर बोलला का नाहीत?"

"आईला सांगितलं आसतं तर ती तुला बोलली आसती." मग म्हणाले, "दुखत मातर लई हुतं. वाटायचं, चोळलं आसतं तर बरं वाटलं आसतं."

आता गोळ्या चालू आहेत, आणि रोज सकाळी बिछान्यातून उठायच्या आधी त्यांच्या पायात एक घट्ट मोजा चढवायचा असतो, बोटांपासून गुडघ्यापर्यंत. आबांना वाकवत नाही. "बाई ठिवूया एखादी," ते पहिल्या दिवशी म्हणाले. मी म्हटलं, "गप पडून राहा." या कामात नाटक चालत नाही. टाच हातात घ्यावी लागते, पोटरी दोन्ही तळहातांत धरून मोजा इंच-इंच वर सरकवावा लागतो, कोंडा नखांत जातो. किळस अजून येते, रोज येते, आणि मोजा रोज चढतो.

मी पायथ्याशी बसले की आबा आपला हात उचलून डोळ्यांवर आडवा ठेवतात. मला वाटलं, उजेड लागत असेल, म्हणून मी एकदा पडदा ओढला. हात तिथंच राहिला. माझं तोंड त्या वेळी कसं होतं, ते त्यांना बघायचं नसतं.

"झालं की सांग," ते म्हणतात.